सातवीच्या मुलांना थाम लुआंगच्या गुहेची गोष्ट कशी सांगायची

सहावी-सातवीच्या मुलांना "खचू नका, हिंमत ठेवा" असं नुसतं सांगून काही होत नाही, मान डोलावतात आणि सोडून देतात. त्यांच्याच वयाच्या पोरांची खरी गोष्ट सांगा. मी थायलंडच्या थाम लुआंग गुहेची सांगते, त्यात 12 मुलं होती, 11 ते 16 वर्षांची, आणि कोचसुद्धा 25 चाच.

एका तासात उरकू नका प्लीज. पहिल्या दिवशी एवढंच सांगा की 23 जून 2018, फुटबॉलची प्रॅक्टिस संपली, सगळे सायकलींवर गुहेकडे गेले, आत शिरले आणि मागे पावसाचं पाणी भरून परतीची वाट बंद झाली. इथे थांबायचं, पुढे काय झालं विचारून जीव खातील तरी सांगायचं नाही. जवळ टॉर्च आहे, खायला काही नाही, पहिलं काम काय कराल ते वहीत लिहा म्हणावं. बरेच जण पोहून बाहेर येऊ असं लिहितात, तेव्हा चूक म्हणू नका.

दुसऱ्या दिवशी सांगा ती पोरं कशी राहिली. भिंतीवरून ठिबकणारं पाणी प्यायचे, टॉर्च जपून वापरायचे, कोच आधी भिक्षू होता त्याने ध्यान करायला लावलं, आणि दगडांनी भिंत उकरत राहिले. या उकरण्यावर भरपूर वेळ द्या. वाट तर निघाली नाही, मग मेहनत फुकट गेली का? मुलं यावर जाम भांडतात, भांडू द्या, हाताला काम होतं म्हणून डोकं ठिकाणावर राहिलं असं त्यांच्यातलंच कोणीतरी बोलतं आणि ते आपण सांगण्यापेक्षा शंभरपट चांगलं.

मग बाहेरची माणसं. 2 जुलैला ब्रिटिश डायव्हर पोचले, 8 ते 10 जुलैमध्ये सगळे 13 बाहेर आले. उपसलेलं पाणी शेतात आलं तरी शेतकऱ्यांनी चालवून घेतलं, आणि पंपांच्या कामाला आपल्या किर्लोस्कर ब्रदर्सची माणसंही गेली होती, हे ऐकून वर्ग एकदम खूश होतो. दुसऱ्याची मदत घेणं हाही तग धरण्याचाच भाग आहे हे इथे आपोआप पोचतं. ऑक्सिजनच्या टाक्या पोचवून परतताना समन कुनान हा डायव्हर मरण पावला, ते लपवू नका, या वयाला झेपतं.

शेवटी पत्र लिहायला द्या. मुलांनी आतून घरच्यांना पत्रं लिहिली होती, कोचने पालकांची माफी मागितली होती आणि पालकांनी तुझा दोष नाही असं कळवलं होतं. तसं तुम्ही आतून कोणाला काय लिहाल? मोठ्याने वाचायची सक्ती नको.

आणि "बघा ती पोरं, नाहीतर तुम्ही" हे कधीच म्हणायचं नाही, सगळी गोष्ट तिथेच मरते. वर्गात कोणी पूर, दरड असलं काही पाहिलेलं असेल तर आधी एकटं गाठून विचारा, नको म्हणालं तर त्या तासाला त्याला लायब्ररीत बसू द्या.