इंग्रजीची उजळणी: पुस्तक मिटून लिहा
इंग्रजीच्या परीक्षेआधी बहुतेक विद्यार्थी धडे पुन्हापुन्हा वाचतात, ओळी अधोरेखित करतात आणि सगळे ओळखीचे वाटू लागले की तयारी झाली असे समजतात. परंतु ओळखीचे वाटणे आणि कोऱ्या कागदावर स्वतः लिहिता येणे यांत मोठे अंतर असते. म्हणून कविता वाचून झाली की पुस्तक मिटावे, तिचा आशय आणि एखाद्या प्रतिमेचा परिणाम चार-पाच इंग्रजी वाक्यांत लिहावा आणि मगच पुस्तक उघडून जे सुटले ते वेगळ्या शाईने भरावे.

व्याकरणासाठी मला सर्वांत मोलाची वाटते ती चुकांची वही. तपासून मिळालेल्या जुन्या उत्तरपत्रिकांतील प्रत्येक चूक तीत उतरवावी. उदाहरणार्थ, ‘ही डिड नॉट वेन्ट’ असे लिहिले गेले असेल, तर शेजारी ‘ही डिड नॉट गो’ हे शुद्ध रूप, ‘डिड’सोबत क्रियापदाचे मूळ रूपच येते हे कारण आणि त्याच नियमावर स्वतः रचलेली दोन वाक्ये लिहावीत. हे पान दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी आणि पुढे आठवड्याने शुद्ध रूप झाकून सोडवावे, कारण शिकलेले सुरुवातीलाच सर्वाधिक वेगाने विसरले जाते, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवून दिले होते.

निबंध आणि पत्रे मात्र घड्याळ लावूनच लिहावीत व शेवटची पाच मिनिटे केवळ काळ, वचन आणि विरामचिन्हे तपासण्यासाठी राखून ठेवावीत.