पहिल्या रुग्णाची नोंद करण्याआधी: वैद्यकीय संशोधनाची तयारी

छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय असो, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालय असो, की लातूर आणि नांदेडची शासकीय महाविद्यालये असोत, एमडी किंवा एमएसला प्रवेश घेतलेल्या प्रत्येक निवासी डॉक्टरला थीसिस लिहावाच लागतो. वॉर्डातील ड्युट्या सांभाळून सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आधी सादर करायचा आराखडा, घाईने तयार होतो, मंजूर होतो, आणि पुढे दीड-दोन वर्षे मेहनतीने गोळा केलेल्या माहितीतून ठामपणे काहीच सांगता येत नाही. ही त्रुटी शेवटी संख्याशास्त्रज्ञाकडे जाऊन भरून निघत नाही, कारण ती पहिल्या रुग्णाची नोंद होण्याच्या आधीच घडलेली असते. म्हणून त्या दिवसापूर्वी काय काय हाताशी असावे, ते येथे क्रमाने लिहिले आहे. बोलणे हवेत राहू नये यासाठी उदाहरण एकच धरले आहे: बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या गरोदर महिलांमधील रक्तक्षय.

सर्वांत आधी प्रश्न एका वाक्यात लिहून तयार असावा. ‘ऊसतोड महिलांच्या आरोग्याचा अभ्यास’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. ‘हंगामात ऊसतोडीला गेलेल्या गरोदर महिलांचे हिमोग्लोबिन, त्याच गावांत घरी राहिलेल्या गरोदर महिलांच्या तुलनेत, गरोदरपणाच्या 34व्या आठवड्यात किती वेगळे असते?’ हा प्रश्न झाला. त्यात कोणाचा, कोणाशी तुलना करून, काय आणि केव्हा मोजायचे हे चारही मुद्दे आले. गाईडने विचारल्यावर हे वाक्य कागद न पाहता सांगता येत नसेल, तर पुढच्या तयारीला हात घालू नये. याच सुमारास पूर्वी झालेले अभ्यास वाचून संपलेले असावेत, आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सक्तीचा असलेला आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) चेन्नई येथील राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा ऑनलाइन अभ्यासक्रम प्रमाणपत्रापुरता न उरकता नीट ऐकलेला असावा. त्यातील आराखड्यांवरची व्याख्याने सिनॉप्सिस लिहिण्यापूर्वी ऐकली तरच उपयोगी पडतात.

अभ्यासाचा आराखडा प्रश्नावरून ठरतो, सोयीवरून नव्हे. एखाद्या उपचाराचा परिणाम पाहायचा असेल तर यादृच्छिक वाटप, म्हणजे कोणाला कोणता उपचार द्यायचा हे चिठ्ठी काढल्यासारखे ठरवणे, हाच भक्कम मार्ग आहे. 1956 मध्ये मद्रासला क्षयरोग्यांची अशीच वाटणी करून काहींना सॅनेटोरियममध्ये आणि काहींना घरी औषधे देण्यात आली, आणि घरच्या उपचाराचे निकाल कमी पडत नाहीत हे दिसून आले. पुढे क्षयरोगावरील उपचारांची दिशा जगभर बदलली. आपल्या प्रश्नात मात्र कोणाला ऊसतोडीला पाठवायचे हे संशोधक ठरवू शकत नाही. येथे दोन्ही गटांचा पाठपुरावा करत पाहायचे असते, आणि म्हणूनच एक प्रश्न आधी सोडवावा लागतो: जी गेली नाही, ती का गेली नाही? कोणी अंगात त्राण नाही म्हणून मागे राहते, कोणी घरी जमीन आणि पाणी आहे म्हणून राहते. पहिल्या कारणामुळे आजारी बायका घरच्या गटात जमा होतात आणि ऊसतोडीला गेलेल्या त्यांच्यापुढे धडधाकट दिसू लागतात. दुसऱ्या कारणामुळे नेमके उलट होते. ही दोन्ही कारणे, कोयत्यावर जाण्याची ही कितवी खेप आहे, आधीची बाळंतपणे किती आणि पहिल्या भेटीतील हिमोग्लोबिन किती, या नोंदी सुरुवातीलाच घेतल्या नाहीत तर नंतर कोणतेही सॉफ्टवेअर हा गुंता सोडवू शकणार नाही.

वेळापत्रक हा मराठवाड्यातील संशोधनाच्या तयारीचा सर्वांत दुर्लक्षित आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. मुकादमाकडून उचल घेतलेल्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास पाटोदा, धारूर, शिरूर कासार अशा तालुक्यांतून कोल्हापूर, सांगलीकडे किंवा कर्नाटकात जातात आणि हंगाम संपला की मार्च-एप्रिलमध्ये परततात. ऑगस्टमध्ये नोंद केलेल्या महिलेची पुढची तपासणी डिसेंबरमध्ये ठरवली, तर ती ओपीडीत येणार नाही हे त्याच दिवशी माहीत असते. तरीही ‘पाठपुराव्यातून गळाली’ असे लिहिलेले थीसिस दिसतात, याचे वाईट वाटते. तेव्हा कारखान्याच्या परिसरातील प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणीची सोय होईल का, तेथील वैद्यकीय अधिकाऱ्यांशी आणि मुकादमाशी कोण बोलेल, प्रवासाचा खर्च कोण करेल, हे लेखी ठरलेले असावे. संपर्कासाठी एकच मोबाइल क्रमांक पुरत नाही, कारण तो बहुधा नवऱ्याचा असतो आणि हंगामात बदलू शकतो. सासरचा, माहेरचा आणि गावातील आशाताईंचा असे तीन क्रमांक घ्यावेत. पहिले बाळंतपण माहेरी होण्याची रीत असल्याने माहेरच्या गावाचे, तालुक्याचे आणि जवळच्या उपकेंद्राचे नाव नोंदपत्रात स्वतंत्र ओळीवर असावे.

मोजमापाची तयारी प्रत्यक्ष वस्तू समोर ठेवून करावी. हिमोग्लोबिन उपकेंद्रात साहलीच्या पद्धतीने पाहायचे आणि महाविद्यालयात ऑटो अॅनालायझरवर, असे झाले तर दोन गटांतील फरक रक्ताचा आहे की यंत्राचा हे कळणार नाही. साहलीच्या नळीतील रंग काचेच्या पट्टीशी जुळवताना दोन माणसांची नजर सारखी नसते. बोटातील रक्त आणि शिरेतील रक्त यांचे आकडेही तंतोतंत जुळत नाहीत. एकच पद्धत, शक्य तर एकच यंत्र, त्याची रोजची नियंत्रण-चाचणी (आकडा आधीच माहीत असलेल्या नमुन्यावर यंत्र तपासणे) आणि तिची वही, एवढे ठरले पाहिजे. गरोदरपणाच्या पहिल्या आणि तिसऱ्या तिमाहीत हिमोग्लोबिन दर डेसिलिटर रक्तात 11 ग्रॅमपेक्षा कमी असल्यास रक्तक्षय समजतात, ही जागतिक आरोग्य संघटनेची रेषा आहे; दुसऱ्या तिमाहीसाठी 2024 पासून ती 10.5 ग्रॅम आहे. कारण दुसऱ्या तिमाहीत रक्तातील द्रवभाग वाढून आकडा तसाही खाली येतो. म्हणून दोन्ही गटांची तपासणी गरोदरपणाच्या एकाच आठवड्यात व्हावी लागते.

आणि तो आठवडा कसा काढायचा? शेवटच्या पाळीची तारीख विचारली की ‘पोळ्याच्या अमावस्येच्या आधी’, ‘पंचमीला माहेरी गेले होते तेव्हा’ अशी उत्तरे येतात. ही उत्तरे चुकीची नसतात. त्यांना जुळणारी तारीख शोधणे हे संशोधकाचे काम आहे. नोंदणीच्या आधीच्या वर्षभरातील सण, गावची जत्रा, उरूस, पेरणी आणि काढणी यांच्या तारखा लिहिलेला एक तक्ता आधी तयार करावा, कारण तिथीने येणारे सण दरवर्षी वेगळ्या तारखेला येतात. तांड्यावर आणि दखनी बोलणाऱ्या घरांत हे प्रश्न त्यांच्या बोलीत विचारणारे माणूस सोबत असावे. लवकरच्या सोनोग्राफीचा कागद असेल तर त्यावरील आठवडे वेगळ्या रकान्यात लिहावेत; दोन्ही माहिती एकाच रकान्यात भरू नये.

लोहाच्या गोळ्या घेतल्या का, हा प्रश्न ‘हो’ किंवा ‘नाही’ असा ठेवला तर जवळजवळ सगळ्याच ‘हो’ म्हणतात. 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची गोळी 180 दिवस घ्यायची असते, तेव्हा शेवटची पट्टी दाखवायला सांगून उरलेल्या गोळ्या मोजाव्यात.

किती महिला लागतील, हा हिशेब संख्याशास्त्रज्ञाने करून दिला तरी संशोधकाला स्वतः समजलेला असावा. हिमोग्लोबिनचे प्रमाणित विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरतात त्याचे माप) 1.5 ग्रॅम धरले, 0.5 ग्रॅमचा फरक महत्त्वाचा मानला, 5 टक्के सार्थकता पातळी (नसलेला फरक दिसण्याची शक्यता) आणि 80 टक्के सामर्थ्य (असलेला फरक पकडण्याची शक्यता) ठेवले, तर प्रत्येक गटात 142 महिला लागतात. फरक 0.3 ग्रॅमचाच पकडायचा म्हटले तर हीच संख्या 392 होते. वरच्या 142 पैकी तीन दशांश महिला पुन्हा भेटणार नाहीत असे धरले, तर सुरुवातीला प्रत्येक गटात 203 जणींची नोंद करावी लागते. एका निवासी डॉक्टरला एका हंगामात हे झेपेल का, याचे उत्तर ‘नाही’ असेल तर प्रश्न बदलावा किंवा दोन महाविद्यालयांनी मिळून काम करावे. संख्या गुपचूप कमी करणे हा मार्ग नाही.

नैतिकता समितीची मंजुरी हातात आल्याशिवाय एकाही महिलेची नोंद होऊ नये. आयसीएमआरच्या 2017 च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार या समितीत 7 ते 15 सदस्य असतात, अध्यक्ष संस्थेबाहेरचे असतात आणि किमान 5 सदस्यांची गणपूर्ती लागते. औषधाची किंवा उपचाराची चाचणी असेल तर भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत, म्हणजे अशा चाचण्यांच्या सार्वजनिक नोंदवहीत, नोंदणीही पहिल्या सहभागीच्या आधीच करावी लागते. 1 एप्रिल 2018 पासून मागाहून केलेली नोंदणी तेथे स्वीकारली जात नाही. आपल्यासारखा निरीक्षणात्मक अभ्यासही, ज्यात संशोधक उपचार ठरवत नाही, तेथे नोंदवता येतो आणि तो नोंदवावा असे मी आग्रहाने सांगेन, कारण त्यामुळे मुख्य निष्पत्ती (ज्या मोजमापावर निष्कर्ष ठरतो ते) नंतर बदलण्याचा मोह राहत नाही. संमतीपत्र घरात बोलतात तशा मराठीत असावे. वाचता न येणाऱ्या महिलेला ते निःपक्ष साक्षीदारासमोर वाचून दाखवावे, तिचा अंगठा आणि साक्षीदाराची सही घ्यावी आणि एक प्रत तिच्याकडे द्यावी. ज्या डॉक्टरच्या हाती तिचे बाळंतपण आहे त्यानेच संमती मागितली तर तिला नाही म्हणता येत नाही; हे काम दुसऱ्या कोणाकडे सोपवावे. ‘नाही म्हटले तरी तुमची तपासणी आणि औषधे तशीच मिळतील’ हे वाक्य संमतीपत्रात असावे आणि तोंडानेही सांगितले जावे.

दोन प्रसंग आधीच समितीपुढे मांडून ठेवावेत. तपासणीत हिमोग्लोबिन 7 ग्रॅमच्या खाली निघाले तर त्या महिलेला त्याच दिवशी कोठे पाठवायचे, वाहन कोणते, सोबत कोण, हे ठरलेले असावे. अशा महिलेकडे केवळ आकडा म्हणून पाहता येत नाही. दुसरा प्रसंग अधिक अवघड आहे. एखादी गरोदर मुलगी 18 वर्षांखालील निघू शकते, आणि मुलांवरील लैंगिक गुन्ह्यांविरुद्धच्या 2012 च्या पोक्सो कायद्याखाली ही माहिती कळवणे बंधनकारक आहे. गोपनीयतेचे वचन देताना ही मर्यादा संमतीच्या वेळीच स्पष्ट सांगितली पाहिजे.

नोंदपत्र तयार झाले की ते थोड्या महिलांवर वापरून पाहावे आणि ते भरायला किती वेळ लागतो, कोणता प्रश्न अडतो, हे टिपावे. रिकामा रकाना म्हणजे विचारले नाही, माहीत नाही, की लागू नाही, यासाठी तीन वेगळे संकेतांक ठेवावेत; हिमोग्लोबिनच्या रकान्यात शून्य कधीही भरू नये. एपी इन्फो किंवा कोबो टूलबॉक्स ही माहिती भरण्याची सॉफ्टवेअर मोफत मिळतात आणि त्यांत हिमोग्लोबिनचा 3 पेक्षा कमी किंवा 18 पेक्षा जास्त आकडा भरल्यास सूचना येईल अशी मर्यादा घालता येते. नाव आणि क्रमांक एका कुलूपबंद यादीत, बाकी माहिती दुसरीकडे.

निष्कर्षांचे तक्ते आकडे नसताना, रिकामे आखून ठेवावेत. पहिल्या तक्त्यात किती जणींना विचारले, किती तयार झाल्या, किती शेवटपर्यंत भेटल्या आणि ज्या भेटल्या नाहीत त्यांचे सुरुवातीचे हिमोग्लोबिन किती होते, हे असावे. अर्थ लावताना केवळ ‘पी’चे मूल्य (फरक मुळात नसताना एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) 0.05 पेक्षा कमी आले यावर थांबू नये. समजा, फरक 0.4 ग्रॅम आणि त्याचा 95 टक्के विश्वासांतराल, म्हणजे खरा फरक ज्या मर्यादांत असावा असा अंदाज, 0.1 ते 0.7 आला, तर खरा फरक नगण्यही असू शकतो आणि लक्षणीयही, असे दोन्ही लिहिले पाहिजे. त्यानंतर न भेटलेल्या महिलांचा हिशेब दोनदा करावा: एकदा त्या इतरांसारख्याच होत्या असे धरून, आणि एकदा त्यांचे हिमोग्लोबिन आणखी घसरले असे धरून. दुसऱ्या हिशेबात निष्कर्ष उलटत असेल, तर ते चर्चेच्या शेवटच्या परिच्छेदात न ठेवता सारांशातच लिहावे.