स्तनात गाठ हाताला लागली तर: दाखवण्यापासून उपचारापर्यंत काय करावं

गाठ पहिल्यांदा जाणवली तेव्हा माझ्या आत्याने काय केलं, तर इंदूरच्या रामबागेतल्या शिंपिणीकडून ब्लाउजची डावी शिवण अर्धा बोट उसवून घेतली. दुखत नव्हतं. घरात लग्न होतं, मग गणपती आले, मग "दिवाळी होऊन जाऊ दे". असे आठ महिने गेले. डॉक्टरांसमोरही तिचं एकच पालुपद, "पण दुखत नव्हती ना!" गोची तिथेच आहे. स्तनाच्या कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुतेकदा दुखत नाही.

१. काय बघायचं? अंघोळीच्या वेळी साबणाच्या हाताने, बोटांच्या पेरांनी स्तन आणि काख चाचपा. मग आरशासमोर दोन्ही हात वर करून बघा. नवी गाठ, कातडीला पडलेली खळी किंवा संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा, आत ओढलं गेलेलं स्तनाग्र, त्यातून रक्ताळ स्राव, काखेत गोळा, यातलं काहीही दिसलं तर पुढची पायरी. पाळीआधी स्तन जड आणि गाठीगाठीचे वाटतात, म्हणून पाळी सुरू झाल्यापासून आठ-दहा दिवसांनी बघावं. पाळी गेलेली असेल तर थांबायला काहीच कारण नाही.

मात्र दरमहा तपासण्याचं व्रत घेतलं म्हणजे झालं, असं समजू नका. शांघायच्या कापड गिरण्यांतल्या सुमारे २,६६,००० स्त्रियांच्या अभ्यासात स्वतः तपासायला शिकवूनही मृत्यू कमी झाले नव्हते. याउलट टाटा मेमोरियलने मुंबईच्या वस्त्यांमध्ये दीड लाख स्त्रियांचा वीस वर्षं पाठपुरावा केला. तिथे शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासत. पन्नाशीपुढच्या बायकांत मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. तेव्हा तिशीनंतर शिकलेल्या हाताकडून तपासून घ्या. सरकारी आरोग्य केंद्रांत तशी सोय असते, आशाताईंना विचारा. आई, बहीण किंवा मावशीला हा आजार झाला असेल तर ते आधीच सांगा. "आमच्यात कुणाला नाही" हा दिलासा मात्र कच्चा आहे, कारण निम्म्या रुग्णांत बाई असणं आणि वय सोडून दुसरं ठळक कारण सापडत नाही.

२. कुणाला दाखवायचं? सर्जनला, आणि आठवडाभरात. आत्याला गल्लीतल्या डॉक्टरांनी दोनदा अँटिबायोटिकचा कोर्स दिला. एका कोर्सने सूज-लाली उतरली नाही, तर दुसरा घेत बसू नका, सोनोग्राफी मागा.

३. तपासण्या तीनच. डॉक्टरांचा हात, फोटो आणि बायोप्सी. चाळिशीपुढे मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे), तरुण वयात आधी सोनोग्राफी. बायोप्सीपाशी घर अडतं. "सुई लगी तो फैल जाएगा" हे आमच्याकडे शेजारच्या भाभींपासून काकूंपर्यंत सगळे सांगतात. तसं होत नाही. जागा बधिर करून जाड सुईने तुकडा काढतात आणि त्याच दिवशी घरी सोडतात. बायोप्सी न करता "आधी गाठ काढून टाकू" असं कुणी म्हटलं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. त्या तुकड्यावरच ई.आर., पी.आर. (गाठ हार्मोनवर वाढते का) आणि हर-टू (गाठीच्या पेशींवरचं एक प्रथिन) तपासतात आणि औषध त्यावरून ठरतं. पहिल्यांदा दाखवल्यापासून साठ दिवसांत निदान पूर्ण व्हावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. घरातल्या कॅलेंडरवर तारीख लिहून ठेवा.

४. फाइल आणि पैसा. सगळे कागद एका फाइलमध्ये, तारखेच्या क्रमाने. आयुष्मान कार्डावर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, आणि सत्तरीपुढे उत्पन्नाची अट नाही. पण कार्ड भरती झाल्यावर चालतं. ओपीडीतल्या तपासण्यांचे पैसे बहुधा खिशातून जातात, ते बाजूला काढून ठेवा.

५. उपचार सुरू झाल्यावर. शस्त्रक्रिया, केमो, सिकाई (किरणोपचारांना इथे सगळे हेच म्हणतात) यांचा क्रम प्रत्येकीचा वेगळा असतो, शेजारणीशी ताडून बघू नका. केमोच्या दिवसांत १००.४ फॅरनहाइट ताप आला तर सकाळची वाट न बघता, रात्री असलात तरी दवाखाना गाठा. बाहेरचं, उघड्यावरचं बंद. सराफा बाजारातला भुट्ट्याचा (मक्याचा) कीससुद्धा. आणि बरं वाटू लागलं म्हणून मधेच सोडायचं नाही. हार्मोनची गोळी असेल तर ती पाच वर्षं किंवा अधिक चालते.

काखेतल्या गाठी काढल्यावर हात आखडतो. डॉक्टर सांगतील तेव्हापासून भिंतीसमोर उभं राहून बोटांनी वर वर चढायचं. आत्याने स्वयंपाकघराच्या भिंतीवर पेन्सिलीने खुणा केल्यात. शेवेचा डबा ठेवतो ती फळी अजून दोन बोटं वर आहे, तोवर डबा काका उतरवून देतात.