चिखलदऱ्यात कॉफीच्या हंगामात गावाने पाहुणे कसे ठेवावेत

चिखलदऱ्याला पर्यटकांची झुंबड उडते ती पावसाळ्यात. कॉफीची फळं मात्र साधारण नोव्हेंबर ते जानेवारीत लाल होतात. म्हणून पावसाळी गर्दीला फक्त मुक्काम आणि जेवण द्या (कुटकी या भरडधान्याचा भात, ज्वारीची भाकर पुरे), कॉफीचा कार्यक्रम थंडीसाठीच राखून ठेवा. हिरवी फळं दाखवून पैसे घेतले तर पाहुणा परत येत नाही.

सुरुवात ग्रामसभेच्या ठरावाने करा. हा तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे, अशा क्षेत्रातल्या ग्रामसभांना जास्त अधिकार देणारा पेसा कायदा (१९९६) लागू आहे. त्याचा आधार घ्या. ठरावात घरं, दर, पाळी आणि वाटा स्पष्ट लिहा. तीन-चार घरांपासून सुरू करा. पाहुणा कोणाकडे उतरणार ते पाळीनेच ठरावं, आणि पाळी चावडीच्या फळ्यावर लिहिलेली असावी. नाहीतर रस्त्यालगतच्या घरालाच सगळे पाहुणे मिळतात आणि भांडण पेटतं. हजार रुपयांतले ६०० घराला, १५० वाटाड्याला, १५० बागवाल्याला, १०० गावनिधीत, असा वाटा धरून पाहा. बागवाल्याचा वाटा विसरू नका, त्याचंच पीक लोक बघायला येतात. पाहुण्यांची फेरी गावठाण आणि बागेपुरती ठेवा. मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत वनविभागाच्या परवानगीशिवाय नेऊ नका.

आता कार्यक्रम. पाहुण्यांना फक्त लालबुंद फळं तोडायला सांगा. हिरवट फळाने कॉफी तुरट होते. फळं पाण्यात टाका, तरंगतील ती बाजूला काढा. त्याच दिवशी साल काढा, उशीर झाला की आंबट वास बसतो. साल काढलेल्या बिया १२ ते ३६ तास आंबवा; थंडीत जास्त वेळ लागतो. चोळून बघा: बुळबुळीतपणा जाऊन खरखरीत लागल्या की लगेच धुवा. मग उन्हात पातळ थर पसरून दिवसातून अनेकदा हलवा, रात्री दवापासून झाका. दिवसाही झाकून ठेवल्या तर बुरशी धरते. ओलावा ११-१२ टक्क्यांवर आला की पोती फळीवर रचा, मिरची-मसाल्यापासून लांब, कारण बी वास पटकन ओढते.

भाजायला लोखंडी कढईत वरचं टरफल काढलेल्या २५० ग्रॅम बिया घ्या, हात थांबवू नका. लाह्या फुटल्यासारखा आवाज थांबल्यावर थोड्याच वेळात सुपात ओतून पाखडा, नाहीतर कढईच्याच उष्णतेने करपतात.

विक्रीचा दर काढताना साधारण सहा किलो लाल फळांतून एक किलो वाळलेल्या बिया, आणि भाजल्यावर त्यातही सुमारे १५ टक्के घट, हा हिशोब धरा.