पार्टिझन डिव्हिजनचा युद्ध-इतिहास कसा मांडावा

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांविरुद्ध लढणाऱ्या युगोस्लाव पार्टिझनांच्या (गनिमी सैनिकांच्या) तिसऱ्या डिव्हिजनचा इतिहास लावायचा तर सुरुवात ब्रिगेडपासून, म्हणजे डिव्हिजनमधल्या लहान तुकडीपासून करा. डिव्हिजन नोव्हेंबर १९४२ मध्ये उभी राहिली, पण ब्रिगेडी एका डिव्हिजनमधून दुसरीत जात. म्हणून प्रत्येकीसाठी तारीख, गाव आणि वरची डिव्हिजन असे तीन रकाने आखा. संख्येला जर्मन माप लावू नका, इथे तीन-चार हजार माणसांचीही डिव्हिजन असे.

मग पार्टिझनांवरच्या जर्मन मोहिमांची नावं जुळवा. युगोस्लाव कागदांतली ‘चौथी चढाई’ जर्मन कागदांत ‘वाइस’, ‘पाचवी’ म्हणजे ‘श्वार्त्स’. इथे चुकलं की एकच लढाई दोनदा मोजली जाते. डिव्हिजनचे सेनापती सावा कोवाचेविच १३ जून १९४३ला सुत्येस्काच्या लढाईत, म्हणजे याच पाचव्या चढाईत, धारातीर्थी पडले. त्यानंतरच्या आदेशावर त्यांची सही दिसली तर तारीख पुन्हा तपासा.