विंडोज होम असलेला लॅपटॉप घेताय? हे आधी बघा

दुकानातल्या बहुतेक लॅपटॉपवर विंडोज ११ होम असतं. घरच्या कामाला ते पुरतं. ऑफिसचं काम करणार असाल तर मात्र काही सोयी त्यात नाहीत, त्या विंडोजच्या ‘प्रो’ या वरच्या आवृत्तीत मिळतात, हे ठाऊक हवं.

होमवरून ऑफिसच्या प्रो मशीनला रिमोट डेस्कटॉपने (म्हणजे दूर बसून ते मशीन आपल्या स्क्रीनवर चालवायच्या सोयीने) जोडता येतं, पण बाहेरून घरच्या होम मशीनवर तसं शिरता येत नाही. त्यासाठी क्रोम रिमोट डेस्कटॉप वापरा, फुकट आहे.

बिटलॉकरने पेनड्राइव्हला कुलूप घालायची सोयही प्रोमध्येच. तरी सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’खाली ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ (लॅपटॉपच्या डिस्कलाच घातलेलं कुलूप) दिसतंय का, ते जरूर पाहा. बऱ्याच नव्या मशीनवर ते आपोआप चालू झालेलं असतं आणि त्याची ४८ आकडी रिकव्हरी की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन बसते. ती आजच कागदावर उतरवून घ्या. मदरबोर्ड बदलला की मशीन हीच की मागतं, आणि ती नसेल तर फोटो, हिशेब सगळं गेलं म्हणून समजा.

ग्रुप पॉलिसी एडिटर (विंडोजचे बारीक नियम ठरवायचं साधन) आणि हायपर-व्ही (एका मशीनमध्ये दुसरं आभासी मशीन चालवायची सोय) हेही होममध्ये नाहीत. घरी सहसा अडत नाही. पुढे अडलंच तर ‘सिस्टिम’मधल्या ‘अ‍ॅक्टिव्हेशन’मधून पैसे भरून प्रो करता येतं. फॉरमॅट मारावा लागत नाही.