नळदुर्गला जायचं तर बोरी नदी वाहती असताना जा

नळदुर्ग किल्ला बघायला निघण्याआधी बोरीवरचा बंधारा भरून वाहतोय का, एवढं गावात कुणाला तरी फोन करून विचारा. नर-मादी धबधबे तेव्हाच पडतात. ऑगस्ट-सप्टेंबरात चांगला पाऊस झाला असेल तर जाच. उन्हाळ्यात नुसती दगडी भिंत दिसते.

आत शिरल्यावर आधी पाणीमहाल गाठा. दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळात हा महाल थेट बंधाऱ्याच्या भिंतीच्या पोटात बांधलाय. सज्जात उभं राहिलं की समोरून पाण्याचा पडदा कोसळतो आणि तुषार अंगावर येतात. असं बांधकाम मराठवाड्यात दुसरं मला तरी माहीत नाही! पायऱ्या ओल्या नि निसरड्या असतात, त्यामुळे चपला नकोत, पकड असलेले बूट घाला आणि लेकरांचा हात सोडू नका. मग उपळ्या बुरुज. तिथल्या लांबलचक तोफा बघायच्याच.